पार्डिनी एसपी .२२ स्पोर्ट्स पिस्तूल : काडतूस अडकते तेव्हा काय तपासावे?

नेमबाजीच्या पंचवीस मीटर प्रकारासाठी स्वतःचे स्पोर्ट्स पिस्तूल घ्यायचे ठरले की पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर असो की कोल्हापुरात, पार्डिनी एसपी हे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येतेच. इटलीच्या टस्कनी प्रांतात, लिडो दी कामायोरे या समुद्रकाठच्या गावी तयार होणाऱ्या या पिस्तुलाची अचूकता, ट्रिगरची सफाई आणि हातात बसणारी लाकडी ग्रिप यांविषयी नेमबाज भरभरून बोलतात. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, नीट चढणे आणि झाडलेली केस, म्हणजे गोळी गेल्यावर उरलेले काडतुसाचे पितळी नळकांडे, नीट बाहेर पडणे या दोन गोष्टींविषयी मात्र मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही, आणि क्लबमध्ये तक्रार ऐकू येते ती बहुधा त्यांचीच. हे पिस्तूल मी स्वतः बरीच वर्षे वापरत आहे आणि क्लबमधल्या इतरांच्या स्पोर्ट्स पिस्तुलांची साफसफाईही पुष्कळदा माझ्यासमोर होते, म्हणून हे परीक्षण मुद्दाम त्या एकाच अंगाने लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. काडतूस पुरवण्याच्या आणि केस फेकण्याच्या बाबतीत एसपी हे अतिशय विश्वासू पिस्तूल आहे, आणि ते अडकते तेव्हा बहुतेक वेळा दोष काडतुसात, मॅगझिनमध्ये (काडतुसे भरायच्या पेटीत) किंवा राहून गेलेल्या साफसफाईत सापडतो. या तीन गोष्टी याच क्रमाने तपासल्याशिवाय कोणी स्प्रिंग बदलायला किंवा एक्स्ट्रॅक्टरवर (केस ओढून काढणाऱ्या आकडीवर) कानस चालवायला निघाला, तर चांगले चाललेले यंत्र हमखास बिघडते.

यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यायला हवी. या पिस्तुलाचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, नळीशी कुलूपबंद होत नाही. स्वतःच्या वजनाने आणि मागच्या स्प्रिंगच्या जोराने तो चेंबरच्या तोंडाशी नुसता टेकून असतो. काडतूस पेटले की वायूचा दाब गोळीला पुढे आणि केसला मागे रेटतो, केस बोल्टला मागे ढकलते, एक्स्ट्रॅक्टरची आकडी केसची कड धरून ठेवते, मागे जाता जाता केसचा दुसरा काठ जागच्या जागी असलेल्या, केस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरवर आपटतो आणि केस उजव्या खिडकीतून बाहेर उडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, आणि येता येता तो मॅगझिनच्या ओठांतले (वरच्या वळलेल्या कडांतले) वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये सारतो. हे सगळे काम साधारण २.६ ग्रॅम वजनाची गोळी ढकलणाऱ्या एका लहानशा काडतुसातल्या उरलेल्या शक्तीवर चालते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात घाण, घर्षण किंवा ढिली पकड यांना पुरून उरेल इतकी शक्ती शिल्लक असते; .२२ मध्ये ती नसते. त्यामुळे कुठल्याही कंपनीचे .२२ पिस्तूल मोठ्या पिस्तुलापेक्षा नाजूकच वागणार, हे घेणाऱ्याने मनाशी पक्के धरावे.

एसपीच्या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मॅगझिनची जागा. ते ग्रिपमध्ये नसून ट्रिगरच्या पुढे, खालून बसते. त्यामुळे काडतुसाला चेंबरपर्यंत फार थोडे आणि जवळपास सरळ अंतर जावे लागते, फार चढण चढावी लागत नाही आणि मऊ शिशाची गोळी वाटेत कमी ठेचली जाते. शिवाय ग्रिपमध्ये मॅगझिन नसल्याने ती हाताच्या मापाने हवी तशी घडवता येते आणि नळी हातापासून फार उंच राहत नाही. पाचच काडतुसांचे लहान मॅगझिन असल्याने स्प्रिंगवरचा ताण पहिल्या काडतुसापासून शेवटच्यापर्यंत फारसा बदलत नाही. दहा काडतुसांच्या मॅगझिनमध्ये पहिले किंवा शेवटचे काडतूस अडकण्याची जी खोड असते, ती येथे म्हणूनच कमी दिसते.

आता काडतुसांकडे. .२२ लाँग रायफल हे काठाचे काडतूस आहे, म्हणजे केसच्या बुडाची कड बाहेर आलेली असते आणि पेटवणारे रसायन त्या कडेच्या आत फिरवलेले असते. गोळी उघड्या शिशाची असून तिच्यावर मेणासारखे वंगण असते. या दोन गोष्टींतून अर्ध्याअधिक अडचणी निघतात. वंगण चेंबरमध्ये, मॅगझिनच्या ओठांवर आणि बोल्टच्या तोंडाशी साठते, त्यात जळलेल्या दारूची काजळी मिसळते आणि पुढचे काडतूस पूर्ण आत बसायच्या आधीच थबकते. थंडीत हेच वंगण घट्ट होते. दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर डिसेंबरच्या सकाळी पहिल्या मालिकेत पिस्तूल सुस्त वाटले, तर आधी काडतुसांचा डबा जॅकेटच्या खिशात ठेवून पाहावा. कडाक्याच्या थंडीतल्या बायथलॉनसाठी (स्कीइंग आणि नेमबाजी यांच्या स्पर्धेसाठी) लापुआ कंपनी पोलर बायथलॉन नावाचे वेगळे काडतूस बनवते, यावरून थंडीचा हा परिणाम किती खरा आहे ते कळते.

एसपीसाठी स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत राहणारे काडतूसच घ्यावे. काही जण केस अडकू लागली की उपाय म्हणून जास्त वेगाची, हाय व्हेलॉसिटीची काडतुसे भरतात. केस त्याने बाहेर पडते खरी, पण बोल्ट मागे प्रत्येक वेळी प्रमाणाबाहेर जोरात आदळतो, आणि स्पर्धेचे पिस्तूल त्यासाठी बनवलेले नाही. उलट टोकाला, सरावासाठी स्वस्तात मिळालेल्या काडतुसांत एका डब्यात चार काडतुसे जोरदार आणि पाचवे अशक्त असा प्रकार असतो. आमच्याकडे एका खेपेला आलेल्या अशा काडतुसांनी क्लबमधली सगळी पिस्तुले, कुठल्याही कंपनीची असोत, एकाच आठवड्यात आजारी पाडली होती. एकाच वेळी अनेक पिस्तुले अडकू लागली की संशय पिस्तुलावर घेण्याचे कारणच उरत नाही. मला या पिस्तुलात एसके स्टँडर्ड प्लस आणि एसके पिस्टल मॅच ही दोन्ही काडतुसे उत्तम चाललेली आढळली आहेत. मात्र एका पिस्तुलाला मानवलेले काडतूस त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पिस्तुलाला मानवेलच असे नसते. आपल्या पिस्तुलाला निरनिराळ्या लॉटची (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या साठ्यांची) काडतुसे देऊन पाहावीत आणि पसंत पडलेल्या लॉटची जमतील तेवढी घेऊन ठेवावीत. आपल्याकडे काडतुसे परवान्यावर आणि संघटनेमार्फत मिळत असल्याने ऐन स्पर्धेच्या तोंडावर ब्रँड बदलण्याची वेळ येऊ न देणे महत्त्वाचे आहे.

मॅगझिनच्या बाबतीत एकच सवय लावून घेतली तरी निम्मे निदान आपोआप होते: प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाका. काडतूस अडकले की क्रमांक वहीत लिहा. तक्रार एकाच क्रमांकामागे फिरत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे आणि त्या मॅगझिनचे ओठ वाकले आहेत, स्प्रिंग थकली आहे किंवा आत घाण साचली आहे. मॅगझिन काँक्रीटच्या जमिनीवर पडणे हे ओठ वाकण्याचे नेहमीचे कारण. वाकलेले ओठ पकडीने सरळ करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही काडतूस सुटण्याची वेळ बदलते. भरतानाही लक्ष हवे. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढेच बसली पाहिजे. ती मागे राहिली तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडकते, आणि मग कितीही चांगला बोल्ट असला तरी ते सुटत नाही. पाचही काडतुसे भरल्यावर मॅगझिन हाताच्या तळव्यावर मागच्या बाजूने हलकेच टेकवणारे पुष्कळ नेमबाज दिसतात. त्या टेकवण्याने कडा मागे-पुढे होण्याचा संभव वाढतो, म्हणून भरतानाच प्रत्येक काडतुसाकडे नजर टाकणे अधिक बरे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अडकलेले काडतूस किंवा केस काढली की बहुतेक जण ती बादलीत टाकतात, आणि सगळा पुरावा तिथेच नाहीसा होतो. आधी अर्थातच सुरक्षितता: नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर डोळ्यांनी पाहिलेले आणि नंतर ते रिकामे असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग. मग ते काडतूस भिंगाखाली धरावे. न चढलेल्या काडतुसाच्या गोळीच्या नाकावर खालच्या बाजूला चपटा ठेचा असेल, तर काडतूस नाक खाली घालून पुढे आले आणि चेंबरच्या खालच्या काठावर आपटले. येथे मॅगझिनची स्प्रिंग किंवा आतली सरकपट्टी पाहावी. ठेचा वरच्या अंगाला असेल, तर ओठांनी काडतूस वेळेआधी सोडले. गोळीच्या एकाच कुशीवर लांब ओरखडा असेल, तर त्या बाजूचा ओठ आत वाकला आहे किंवा त्याला धार आली आहे.

झाडलेली केस चेंबरमध्येच राहून गेली असेल तर तिची कड फिरवून पाहावी. कडेवर एका ठिकाणी पितळ ओरबाडल्याची लहानशी चकाकती खूण दिसली, तर आकडीने केस धरली होती पण केस सुटली नाही. दोष चेंबरमधल्या काजळीत किंवा चेंबरच्या तोंडाशी उठलेल्या बारीक धारेत शोधावा. कड अगदी स्वच्छ असेल, तर आकडीने केस धरलीच नव्हती. आकडीखाली मेण-काजळीचा थर बसला आहे, तिची स्प्रिंग मंद झाली आहे किंवा आकडीचे टोक झिजले आहे. या तिन्हींत पहिले कारण इतके नेहमीचे आहे की लाकडी दातकोरणीने आकडीखालची काळी गाठ उकरून काढली की बहुतेक पिस्तुले तिथेच बरी होतात. केस खिडकीत उभी अडकलेली सापडली तर बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही, असे समजावे. अशक्त काडतूस, सुकलेला किंवा चिकट बोल्ट आणि हातातली ढिली पकड, ही त्याची कारणे. केस नेहमी कुठे पडते याकडेही लक्ष असावे. उजवीकडे ठरावीक अंतरावर पडणाऱ्या केस हळूहळू पायाजवळ पडू लागल्या, तर पिस्तूल अडकण्याच्या पुष्कळ आधीच सूचना देत असते.

चेंबरच्या तोंडाच्या त्या बारीक धारेविषयी थोडे अधिक. काठाच्या काडतुसाच्या पिस्तुलात फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारते, आणि चेंबर रिकामे असताना ती थेट चेंबरच्या काठावर बसण्याचा धोका असतो. रिकामा सराव, ज्याला रेंजवर ड्राय म्हणतात, तो नेमबाजीचा प्राण आहे आणि रोज घरी होतो. म्हणून तो करताना चेंबरमध्ये प्लास्टिकचा ड्राय फायर प्लग ठेवावाच. काठावर एकदा खड्डा पडून धार आली की तिथे केस अडकते आणि काडतूसही पूर्ण बसत नाही. ती धार काढणे हे जाणकार आर्मररचे (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याचे) काम आहे, घरगुती कानशीचे नव्हे.

साफसफाईच्या बाबतीत एसपी फार मागणी करत नाही, पण नियमितपणा मागते. सरावानंतर बोल्टचे तोंड, आकडी आणि चेंबर पुसणे, आणि ठरावीक काळाने मॅगझिन उघडून कोरड्या फडक्याने साफ करणे एवढे पुरते. तेल मात्र कमीत कमी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात, गंज लागेल या भीतीने पिस्तूल तेलाने न्हाऊ घालण्याची पद्धत आहे. त्या तेलात धूळ आणि काजळी बसून बोल्टच्या वाटेवर लुकण तयार होते, आणि चेंबरमध्ये उतरलेले तेल तर काडतुसाच्या वर्तनातच ढवळाढवळ करते. कोरडे चेंबर, मॅगझिनला तेल नाही आणि बोल्टच्या घासणाऱ्या जागांवर बोटाने लावलेला पातळ थर, हे प्रमाण मला आमच्या हवेत बरोबर वाटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की गंजाची भीती पुष्कळ कमी होते.

या पिस्तुलात बोल्ट मागे येऊन जिथे थांबतो तिथे धक्का झेलणारे बफर आहेत. ते झिजणारच आणि बदलावेच लागणार. हा दोष नव्हे, ती योजनाच आहे. पण पुष्कळांना ते आत आहेत हेही ठाऊक नसते. बफर चपटे किंवा तडकलेले असतील तर बोल्टची येरझार बदलते, केस फेकण्याची लय बिघडते आणि पुढे बोल्टलाही इजा होऊ शकते. वापरलेले पिस्तूल विकत घेणाऱ्याने नळीत डोकावण्याच्या आधी बफर पाहावेत.

स्पर्धेतले नियमही या विषयाचाच भाग आहेत. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात साठ गोळ्या असतात: तीस प्रिसिजनच्या, पाच-पाच गोळ्यांच्या मालिका पाच मिनिटांत, आणि तीस रॅपिडच्या, ज्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद नाहीसे होते आणि दर वेळी एकच गोळी झाडायची असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार केस बाहेर न पडणे, काडतूस अडकणे, काडतूस न पेटणे हे ग्राह्य बिघाड आहेत आणि त्यानंतर मालिका पूर्ण करण्याची संधी मिळते. पण नेमबाजाने पंचांच्या तपासणीआधी बोल्टला हात लावला, तर तोच बिघाड अग्राह्य ठरतो. पिस्तूल खाली, नळी लक्ष्याकडे, मोकळा हात वर आणि पंचांना हाक, एवढेच करायचे असते. नवोदित खेळाडू सरावात झटकन बोल्ट ओढून मोकळे होतात आणि ती सवय स्पर्धेत अंगाशी येते. म्हणून सरावातही अधूनमधून हात वर करून थांबण्याचा पाठ गिरवला पाहिजे. तसेच मॅगझिन नीट न बसवणे किंवा आधीच्या गोळीनंतर ट्रिगर पुरेसा पुढे न सोडणे हे पिस्तुलाचे बिघाड मानले जात नाहीत. ‘पिस्तूल पेटलेच नाही’ अशी रॅपिडमधली तक्रार तपासली की पुष्कळदा ट्रिगर पूर्ण पुढे आलेलाच नसतो, हे येथे नोंदवावेसे वाटते.

एका बाबतीत मात्र कसलीही घाई नको. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि बोल्ट अर्धवट हलला, तर गोळी नळीतच राहिल्याची शक्यता असते. पुढची गोळी कदापि झाडू नये. पिस्तूल रिकामे करून नळी साफसफाईच्या गजाने तपासल्याशिवाय हाती घेऊ नये. आणि काडतूस मुळीच पेटले नाही तर नळी लक्ष्याकडे धरून थोडा वेळ थांबावे, कारण ते उशिरानेही पेटू शकते.

एका गोळीची किंमत काय असते, हे राही सरनोबतच्या २०१८ च्या आशियाई सुवर्णपदकाइतके दुसऱ्या कशातून कळत नाही. पालेमबांगला पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या नफस्वान यांगपाइबून हिची ३४-३४ अशी बरोबरी झाली, आणि निकाल लागायला दोन शूटऑफ (बरोबरी फोडणाऱ्या जादा फेऱ्या) लागले. अशा क्षणी पिस्तुलाचा विचारही खेळाडूच्या मनात येता कामा नये. कोल्हापूरच्या या मुलीकडे पाहून पिस्तूल हाती घेणाऱ्या मुलामुलींना मला हेच सांगायचे असते की यंत्रावरचा असा भरवसा दुकानातून पेटीबंद मिळत नाही, तो वही, फडके आणि दातकोरणी घेऊन तयार करावा लागतो.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत माझे समाधान नाही, पण ती तक्रार पिस्तुलाची नव्हे. ज्या विक्रेत्याकडून मी सुटे भाग मागवले त्याने एका साध्या स्प्रिंगसाठी एक अख्खा मोसम लावला आणि मधल्या काळात फोनही उचलला नाही. आयात, परवाना आणि कस्टम्स यांत वेळ जातो हे मान्य; उत्तर द्यायला मात्र कस्टम्सची परवानगी लागत नाही. यावर उपाय एकच: पिस्तुलाची मागणी नोंदवतानाच दोन जादा मॅगझिन, बफरचा एक जोड, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग, फायरिंग पिन आणि बोल्टची स्प्रिंग त्याच यादीत लिहून घ्यावी. पिस्तुलाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि हे सुटे भाग पेटीत असतील तर पार्डिनी एसपी घ्यायला मी कुणालाही निःसंकोच सांगेन.